पुन्हा पहिल्यापासून

व्यापारी कुटुंबांत साठीनंतरच्या बहुतेक दुखण्यांना एकच नाव दिले जाते : वयोमान. गुडघा कुरकुरला, वयोमान. मान आखडली, वयोमान. चाळीस वर्षे गादीवर बसून वहीत मान खाली घालून लिहिले, तर मानेने थोडी तक्रार केली यात नवल ते काय, असे घरातले म्हणतात आणि दुखणे सोसणारा माणूसही तेच म्हणतो. सकाळी दुकान उघडायचे, रात्री गल्ला मोजून बंद करायचे, या दोहोंच्या मध्ये शरीराकडे पाहण्यास सवड मिळत नाही. त्यामुळे मणक्याचे दुखणे अशा घरांतून डॉक्टरांपुढे बहुधा उशिरा जाते, आणि गेल्यावर मात्र निर्णयाची घाई होते. कारण कोणता ना कोणता हंगाम तोंडावर आलेलाच असतो.

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कापडाचे जुने दुकान असलेल्या कुटुंबात असेच घडले. दुकानाचे कर्ते पुरुष, ज्यांना घरात आणि बाजारात सारेच अण्णा म्हणतात, त्यांनी त्रेसष्टावे वर्ष ओलांडले होते. लग्नाचा बस्ता बांधावा तर अण्णांकडे, अशी आसपासच्या खेड्यांत ख्याती. त्यांचे पाय जड पडू लागले. दुकानाच्या तीन पायऱ्या उतरताना भिंतीचा आधार लागे. मांड्यांना बधिरपणा जाणवे, आणि कंबर तर कित्येक वर्षांपासून दुखतच होती. घरच्या डॉक्टरांनी जिल्ह्याच्या ठिकाणी एका शल्यविशारदांकडे पाठविले. तेथे कमरेचा एमआरआय झाला. चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील गादी सरकून नसांवर दाब आला आहे, शस्त्रक्रिया करून स्क्रू बसवावे लागतील, असा सल्ला मिळाला. आठ दिवसांनंतरची तारीख ठरली आणि अनामत रक्कमही भरण्यात आली.

त्या रात्री घरात तीन मते झाली. थोरल्या मुलाचे म्हणणे असे, की लग्नसराई सुरू होण्याआधी शस्त्रक्रिया आटोपली तर अण्णा हंगामात निदान गादीवर तरी बसू शकतील. अण्णांच्या पत्नीला कुणी तरी एका हाडवैद्याचे नाव सांगितले होते. तो मान आणि कंबर एका झटक्यात मोकळी करतो, असा त्याचा लौकिक. धाकट्या मुलाचा आग्रह एवढाच, की एकदा पुण्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावे. या तिसऱ्या मताला सर्वांत अधिक विरोध खुद्द अण्णांचा होता.

"कापड फाडायला सांगितल्यावर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात भाव विचारायला गेलं, तर आपल्याला कसं वाटतं?" त्यांनी विचारले. "डॉक्टरांना काय वाटेल? आणि ज्यांनी त्यांच्याकडे पाठवलं, त्यांना कोणत्या तोंडाने भेटू?"

हा संकोच एकट्या अण्णांचा नाही. बाजारात शब्दाला मोल आहे, आणि शब्द दिल्यानंतर फिरणे हे व्यापाऱ्याला कमीपणाचे वाटते. परंतु रुग्ण आणि डॉक्टर यांचे नाते सौद्याचे नसते. शरीर रुग्णाचे आहे. निर्णयही अखेर त्याचाच आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे वैद्यकीय मत घेण्याचा हक्क स्वतंत्रपणे नमूद केलेला आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यावर उपचारांची कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावयाची असतात. धाकट्याने हे वडिलांना वाचून दाखविले. त्याचा फारसा परिणाम झाला नाही. परिणाम झाला तो पत्नीच्या एका वाक्याचा. "स्क्रू तुमच्या पाठीत बसणार आहेत," त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना काय वाटेल त्याची काळजी नंतर करा."

पहिल्या डॉक्टरांकडे धाकटा स्वतः गेला आणि त्याने काहीही न लपविता सांगितले, की अण्णांच्या मनाची तयारी होत नाही, आणखी एकांना दाखवावेसे वाटते. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फिल्म, सीडी आणि अहवाल दिला, तारीख पुढे ढकलली, आणि पायांची शक्ती अचानक कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर पुण्याची वाट न पाहता ताबडतोब या, असे बजावले. ही सूचना प्रत्येक घराने लक्षात ठेवण्याजोगी आहे. मांड्यांच्या मधल्या भागाला एकाएकी बधिरपणा येणे, लघवी वा शौचावरील नियंत्रण जाणे, पायांतील बळ झपाट्याने ओसरणे, या लक्षणांत दुसऱ्या मताला अवकाश नसतो. तेथे तास मोलाचे असतात.

पुण्याच्या प्रवासात गाडीत बसलेल्या प्रत्येकाच्या मनात एकच अपेक्षा होती. दुसरे डॉक्टर म्हणतील, शस्त्रक्रियेची काही गरज नाही. व्यायाम करा, पट्टा बांधा, गोळ्या घ्या. दुसरे मत घेण्यास निघालेली बहुतेक कुटुंबे हीच अपेक्षा मनात घेऊन निघतात. ती स्वाभाविक आहे; पण तिच्यात एक धोका आहे. मनासारखे उत्तर मिळेपर्यंत दारे बदलत राहिले, तर ते उत्तर कोठे तरी मिळतेच, आणि ज्याने ते दिले तोच सर्वांत जाणता ठरतो.

पुण्याच्या डॉक्टरांनी फिल्मचे पाकीट उघडले नाही. ते टेबलाच्या कडेला ठेवून ते म्हणाले, "हे मी नंतर बघतो. अण्णा, तुम्ही मला पहिल्यापासून सांगा. तुम्हाला पहिल्यांदा वेगळं काय वाटलं, आणि केव्हा?"

अण्णांनी पायांचे सांगितले, कमरेचे सांगितले. डॉक्टरांनी ऐकून घेतले आणि विचारले, "सदऱ्याची बटणं तुम्हीच लावता का?"

अण्णा थबकले. उत्तर त्यांच्या पत्नीने दिले. "दिवाळीपासून मीच लावते."

मग एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. थोरल्याला आठवले, की त्या वर्षी बँकेने अण्णांचे दोन धनादेश सही जुळत नाही म्हणून परत पाठविले होते. घरात त्यावर हसणे झाले होते आणि बँकेत नव्या सहीचा नमुना देऊन विषय मिटविण्यात आला होता. धाकट्याला आठवले, की चाळीस वर्षे ज्या हाताने कापड रेषेत फाटले, त्या हाताची कात्री अलीकडे वाकडी जात असे, म्हणून मापाचे आणि फाडण्याचे काम नोकरांकडे सोपविले होते. नोटा मोजताना त्या बोटांतून निसटत. यांपैकी एकही गोष्ट पहिल्या डॉक्टरांना सांगितलेली नव्हती. हात कुणाला दुखत नव्हते. जे दुखत नाही ते दुखणे नव्हे, अशी सगळ्यांची समजूत होती.

यानंतर तपासणी झाली, आणि तिला जवळजवळ अर्धा तास लागला. डॉक्टरांनी गुडघ्याखाली रबरी हातोडीने हलकेच ठोकले, तो पाय जोराने उडाला. तळव्याच्या कडेवरून बोथट टोक फिरविले, तेव्हा पायाचा अंगठा खाली न वळता वर उचलला गेला. जोसेफ बाबिन्स्की या वैद्यकतज्ज्ञाने १८९६ मध्ये वर्णन केलेले हे चिन्ह आजही कोणत्याही यंत्राविना पाहता येते. मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली, तर त्याच हाताचा अंगठा आपोआप आत वळला. दहा सेकंदांत मूठ जितक्या वेळा मिटता-उघडता येईल तितक्या वेळा मिटण्यास सांगितले. निरोगी माणसाला हे वीस किंवा त्याहून अधिक वेळा जमते. अण्णांना बारा वेळा जमले. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालताना तिसऱ्याच पावलाला त्यांनी मुलाचा खांदा धरला.

आता पाकीट उघडले गेले. डॉक्टरांनी फिल्म प्रकाशाकडे धरून सांगितले, की अहवाल खोटा नाही. कमरेची गादी सरकलेली आहे आणि नसांवर थोडा दाबही आहे. पण मज्जारज्जू प्रौढ माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली केवळ नसांचा झुपका असतो. खालच्या मणक्यांत नस दाबली गेली, तर हातोडीला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. अण्णांचा प्रतिसाद उलट वाढलेला होता. याचा अर्थ, बिघाड वर कोठे तरी होता. आणि कमरेच्या कोणत्याही दुखण्याने बटणे लावता येईनाशी होत नाहीत.

मानेचा एमआरआय आणि रक्ताची तपासणी झाली. मानेतील दोन ठिकाणी वाढलेले हाड आणि फुगलेली गादी यांमुळे मज्जारज्जू चेपला गेला होता, आणि तेथे त्याच्या आतल्या भागातही बदल दिसत होता. रक्तात ब-१२ जीवनसत्त्वही बरेच कमी निघाले. ही दुसरी गोष्ट शाकाहारी घरांनी विशेष ध्यानात घ्यावी. वनस्पतिजन्य अन्नातून हे जीवनसत्त्व जवळजवळ मिळत नाही. दूध-दह्यातून ते मिळते, परंतु वाढत्या वयात ते अन्नातून शोषून घेण्याची शरीराची क्षमता अनेकांत कमी होते. दीर्घकाळ उणीव राहिली, तर मुंग्या, बधिरपणा, तोल जाणे अशी लक्षणे दिसतात आणि मज्जारज्जूलाच इजा पोहोचते. मानेतील दाबासारखेच चित्र त्यातून उभे राहू शकते. ही तपासणी एमआरआयच्या मानाने अगदी स्वस्त आहे, आणि तरीही ती पुष्कळदा राहून जाते. अण्णांना इंजेक्शने सुरू करण्यात आली. पण केवळ त्यांनी भागणार नव्हते.

"कमरेची शस्त्रक्रिया आत्ता नको," डॉक्टर म्हणाले. "मानेची मात्र करायला हवी, आणि ती फार पुढे ढकलू नये."

नकार ऐकण्यासाठी आलेल्या कुटुंबाला अधिक मोठा होकार मिळाला. मान म्हटल्यावर सर्वांचाच धीर सुटला. थोरला म्हणाला, इथेही स्क्रूच सांगतात, मग फरक तो काय? डॉक्टरांनी फरक समजावला. मानेच्या दुखण्याचे सर्वसाधारणपणे दोन प्रकार आहेत. पहिल्यात मणक्यातून बाहेर पडणारी एखादी नस दाबली जाते. खांद्यापासून हातापर्यंत असह्य कळ जाते, झोप उडते, तरीही यांपैकी बरेच रुग्ण काही आठवड्यांत ते काही महिन्यांत शस्त्रक्रियेविना सुधारतात. दुसऱ्यात मज्जारज्जूच चेपला जातो. येथे वेदना अनेकदा नसतेच, आणि हातापायांचे कौशल्य हळूहळू हिरावले जाते. जे अधिक दुखते ते थांबू शकते आणि जे दुखतच नाही ते थांबू शकत नाही, हे सामान्य समजुतीच्या अगदी उलट आहे. मज्जारज्जूवरील दाबाबाबत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मध्यम आणि तीव्र अवस्थेसाठी शस्त्रक्रियेची शिफारस आहे; सौम्य अवस्थेत शस्त्रक्रिया किंवा तज्ज्ञांच्या देखरेखीखालील व्यायामोपचार, असे दोन्ही मार्ग खुले ठेवले आहेत. अण्णांची अवस्था सौम्य राहिलेली नव्हती.

हाडवैद्याचा विषय निघताच मात्र डॉक्टरांचा स्वर कठोर झाला. मज्जारज्जूवर दाब असलेल्या मानेला झटका देणे अत्यंत धोक्याचे आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. केशकर्तनालयात मालिश करताना मान दोन्ही बाजूंना कडकन मोडण्याची जी रीत आहे, तीही त्यांनी निषिद्ध ठरविली.

अण्णांनी शेवटी विचारले, "डॉक्टरसाहेब, हात पूर्वीसारखे होतील?"

"तशी हमी मी देत नाही. आहे तिथे थांबवणं हा पहिला हेतू. काही सुधारणा झाली, तर ती वरकड कमाई समजा."

व्यापाऱ्याला ही भाषा कळली. डॉक्टरांनी स्वतःहून सुचविले, की शंका असेल तर मेंदू व मज्जासंस्थेच्या एखाद्या तज्ज्ञाला, जो स्वतः शस्त्रक्रिया करत नाही, त्यालाही दाखवा; मात्र त्यात महिने घालवू नका. त्याच आठवड्यात तसे दाखविले गेले. त्यांचेही मत जुळले. त्यानंतर चौथ्या दाराची चर्चा धाकट्यानेच थांबविली. वेगवेगळ्या शाखांतील दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून तेच सांगितल्यावर पुढची भटकंती म्हणजे केवळ भीतीला दिलेली मुदतवाढ ठरली असती.

शस्त्रक्रिया झाली. मानेच्या मागच्या बाजूने मज्जारज्जूला जागा करून देण्यात आली. पहिले काही दिवस मानेला पट्टा होता आणि खांद्यांत जडपणा होता. चार महिन्यांनी अण्णा आधाराशिवाय दुकानाच्या पायऱ्या उतरू लागले. वरची दोन बटणे अजूनही पत्नी लावते; बाकीची ते स्वतः लावतात. सही पहिल्या वळणावर आली नाही. कंबर अधूनमधून दुखते आणि रोजच्या व्यायामाने आटोक्यात राहते. कापड फाडण्याचे काम त्यांनी पुन्हा हाती घेतले नाही. जे गेले त्यातले काही परत आले, काही आले नाही. वर्षभर आधी कुणी ती बटणे मोजली असती तर कदाचित अधिक परत आले असते.

मुलांच्या मनात पहिल्या डॉक्टरांविषयी राग होता. अण्णांच्या मनात नव्हता. बरे वाटू लागल्यावर ते सगळे कागद घेऊन स्वतः त्यांना भेटण्यास गेले. डॉक्टरांनी मानेची फिल्म बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाले, "मी तुमचे हात तपासायला हवे होते." अण्णा म्हणाले, "आणि मी ते दाखवायला हवे होते." दोघांचेही खरे होते. पायाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या कमरेचे चित्र काढले गेले, चित्रात कमरेचा दोष सापडला, आणि शोध तेथेच थांबला.

चित्रात दोष सापडतोच. जपानमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कसलीही तक्रार नसलेल्या १,२११ जणांच्या मानेचे एमआरआय काढण्यात आले. त्यांपैकी सुमारे ८८ टक्के जणांत मानेची एखादी तरी गादी फुगलेली आढळली. ही सारी माणसे धडधाकट होती. म्हणून अहवालातील शब्द वाचून घाबरण्यात अर्थ नाही आणि केवळ त्यांवर शस्त्रक्रिया ठरविण्यातही नाही. चित्रातील जागा आणि शरीरातील तक्रार यांचा मेळ बसतो का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो माणसाला तपासल्यावाचून सुटत नाही. नुसता अहवाल मोबाइलवर पाठवून मागविलेले दुसरे मत बहुधा त्याच चित्राचे दुसरे वाचन असते.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना अहवालाबरोबर मूळ फिल्म वा सीडी, चालू औषधांची यादी आणि मधुमेहासारख्या जुन्या आजारांची नोंद न्यावी. पहिले मत लपवू नये. पण सांगण्याची सुरुवात त्यापासून करू नये, तक्रारीपासून करावी. काहीच केले नाही तर काय होईल, थांबायचे तर किती काळ आणि कोणत्या लक्षणावर लक्ष ठेवून, शस्त्रक्रियेचा हेतू वेदना कमी करणे आहे की हानी रोखणे, हे प्रश्न दोन्ही ठिकाणी सारख्याच शब्दांत विचारावेत. आणि सोबत अशा माणसाला न्यावे, जो रुग्णाला रोज जवळून पाहतो. अण्णांचे दुखणे त्यांच्या पत्नीला ठाऊक होते. तोवर तिला कुणी विचारले नव्हते, एवढेच.

या घरातील थोरल्या सुनेने आता एक साधी वही घातली आहे. घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसासाठी तीत एक पान आहे. त्यावर दुखण्याची नोंद नसते. पूर्वी जे सहज जमत होते आणि आता जमत नाही, तेवढेच तारखेसह लिहिले जाते. सासूबाईंच्या पानावर पहिली ओळ त्यांनी स्वतः सांगून लिहून घेतली : सुईत दोरा ओवायला दोनदा लागते, डोळे की बोटे, विचारायचे.